टॅबला न दिसणारं नाव

'राऊटर बंद करून परत चालू करा,' हे वाक्य मी दिवसातून किमान तीस वेळा बोलतो आणि त्याचा मला मनापासून वीट आलाय. एकोणीस वर्षं झाली या कामात. आधी टेलिफोनच्या तारा ओढल्या, मग केबल, आता काचेची तार. तार बदलली, बाकी सगळं तेच. लिफ्ट बंद असते ते तेच, चौथा मजला असतो तो तोच, आणि दार उघडणारा माणूस 'किती वेळ लावलात हो' म्हणतो तेही तेच. माझे गुडघे आता जिना चढताना आवाज करतात.

त्या दिवशी सकाळची चौथी तक्रार. मोबाईलवर लाल अक्षरांत आली होती, कारण ती तिसऱ्यांदा आली होती. 'वेगवान वायफाय टॅबवर दिसत नाही.' पहिल्यांदा आमच्यातलाच एक जण जाऊन आला होता, त्याला आम्ही घाई म्हणतो. घाईने दारातूनच टॅब पाहिला आणि लिहिलं, 'ग्राहकाचे उपकरण जुने.' दुसऱ्यांदा मीच फोनवरून मिटवली होती. पलीकडे एक बाई काहीतरी लांबलचक सांगत होत्या. मी म्हटलं, बंद करून चालू करा, होईल, होईल. आणि ठेवून दिला.

लाल रंग साहेबांना सोसत नाही. "तू जा," म्हणाले, "जुना माणूस आहेस, मिटवून ये." मिटवून ये म्हणाले. सोडवून ये असं कोणी म्हणत नाही आमच्यात.

दाराशी बेल दाबली तर आवाजच नाही. परत दाबली. मनात म्हटलं, चला, बेलही आपल्यालाच दुरुस्त करायला सांगणार. तेवढ्यात दार उघडलं आणि आतल्या खोलीत एक पिवळा बल्ब उघडझाप करताना दिसला. बेल वाजत नव्हती, उजळत होती.

दारात दोघी होत्या. पुढे साठीच्या पुढची एक काटक बाई, चष्मा कपाळावर. मागे तिच्याच वयाची दुसरी, गळ्यात शिंप्याची मोजपट्टी, हातात कोणाच्या तरी पँटचा पाय.

"आलात का? या," पुढची म्हणाली. "फोनवरचे होईल-होईलवाले तुम्हीच ना? आवाजावरून ओळखलं नाही, तुम्ही अजून बोललाच नाहीत. पण तोंडावरून वाटतंय."

मी बूट काढले.

या आत्याबाई. मागची त्यांची वहिनी, म्हणजे ताई. ताईंना जन्मापासून ऐकू येत नाही, बोलता येत नाही. त्या हातांनी बोलतात. दोघींचेही नवरे गेले, आता नणंद-भावजय एकत्र राहतात. ताई खिडकीशी मशीन लावून लोकांचे कपडे आखूड-मोठे करून देतात आणि आत्याबाई गिऱ्हाइकांशी बोलतात. हे सगळं मला दारापासून राऊटरपर्यंतच्या दहा पावलांत कळलं, कारण आत्याबाईंच्या तोंडाला विसावा नव्हता.

"घरात दोन माणसं आणि बोलणारी एकच," त्या म्हणाल्या. "म्हणून मला दोघींचा कोटा संपवावा लागतो."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि आत्याबाईंच्या तोंडाकडे बोट दाखवून, पाची बोटं भराभर उघडमीट केली. हे मला कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही. हसू आलं, पण लाल तक्रारीवर हसायचं नसतं.

राऊटर कपाटावर होता. मीच बसवलेला, सात आठवड्यांपूर्वी; तेव्हा या दोघी बाहेरगावी होत्या, किल्ली शेजाऱ्यांनी दिली होती. हे सगळं कशासाठी ते आत्याबाईंनी सांगितलं, यावेळी मी ऐकलं.

ताईंची मुलगी परदेशात असते. मुलीला ऐकू येतं, बोलता येतं, पण पाळण्यात असल्यापासून आईशी ती हातांनीच बोलत आलीय. रोज व्हिडिओवर भेट. जुना टॅब होता तो पडून फुटला, म्हणून मुलीने तिकडून नवा पाठवला, तो या राऊटरच्या बरोबरीनेच आला. तेव्हापासून चित्र अडकतं. हात अर्धा वर जातो आणि तिथेच गोठतो. सुटतो तेव्हा पुढची तीन वाक्यं होऊन गेलेली असतात.

"तुमच्या-माझ्यासारख्यांचं काय," आत्याबाई म्हणाल्या, "चित्र अडकलं तरी आवाज येतो. ही काय करणार? हिचं बोलणंच अडकतं. सात आठवडे झाले, हिने लेकीशी एक धड वाक्य बोललेलं नाही."

"मेसेज लिहितात की," मी म्हटलं.

"लिहिते ना ती. 'मी बरी आहे, तू काळजी घे.' रोज तेच. मलाही फोनवर तेच सांगते. पण ही ऐकत नाही. म्हणते, काहीतरी बिनसलंय. मी म्हणते, अगं, मी रोज बोलते ना तिच्याशी, छान आहे ती. तर ही मला म्हणते, तोंडाचं काय घेऊन बसलीस, तोंडाने कोणीही काहीही बोलेल. मला तिचे हात बघू दे."

ताई मशीनवर बसल्या होत्या, पण शिवत नव्हत्या. आमच्या ओठांकडे बघत होत्या.

आता थोडं कामाचं. राऊटर दोन पट्ट्यांवर बोलतो. एक जुना, हळू, पण भिंतींतून लांबवर जाणारा. दुसरा नवा, वेगवान, लोक त्याला फाइव्ह जी म्हणतात आणि मोबाईलच्या फाइव्ह जीशी गल्लत करतात, मी सांगायचं सोडून दिलंय. त्या इमारतीत जुन्या पट्ट्यावर आजूबाजूची बेचाळीस वायफाय दिसत होती. बेचाळीस माणसं एकाच खोलीत एकदम बोलतायत म्हटल्यावर कोणाचं काय ऐकू येणार? वेगवान पट्टा रिकामा होता. माझ्या मोबाईलवर त्याचं नाव झकास दिसत होतं. टीव्हीच्या डब्यालाही दिसत होतं. टॅबला मात्र ते नावच दिसत नव्हतं. मोबाईलच्या डेटावर चालवावं म्हटलं, तर तो फक्त संडासाच्या खिडकीत, बाकी घरात जेमतेम फोन लागतो.

मी कामाला लागलो. राऊटर बंद करून चालू केला, होय, तेच. टॅब बंद करून चालू केला. टॅबमधली जुनी नावं पुसली. टॅब अद्ययावत केला, त्यात पंचवीस मिनिटं गेली आणि आत्याबाईंचे दोन चहा झाले. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव होतं, ते तोडून वेगवेगळी दोन नावं केली. टॅब उचलून राऊटरला टेकवला. हळूवालं नाव दिसतंय, वेगवालं नाही. दहा इंचांवरून नाही! माझं डोकं फिरायला लागलं.

साहेबांचा फोन आला. "मिटलं का?"

"बघतोय."

"बघतोय काय? उपकरण जुनं लिही आणि पुढच्या घरी जा. तीन लोक थांबलेत."

खरं सांगतो, मी तेच करणार होतो. पाय दुखत होते, पुढे तीन जिने होते. मी चेहरा गंभीर केला, तो मला छान जमतो, आणि आत्याबाईंना म्हटलं, "हे बघा, राऊटर ओके आहे. माझ्या मोबाईलवर दिसतंय, टीव्हीवर दिसतंय. टॅबमध्येच तो पट्टा नाही. स्वस्तातले असतात असे. मुलीला सांगा, दुसरा पाठव."

"नाचता येईना अंगण वाकडं," आत्याबाई म्हणाल्या. पण त्यांच्या आवाजातला दम गेला होता. त्यांनी वहिनीकडे वळून हातांनी सांगितलं.

ताई उठल्या. मला वाटलं, रडतील. त्या कपाटाशी गेल्या, खालच्या कप्प्यातून टॅबचा रिकामा खोका काढला आणि माझ्यासमोर धरला. खोक्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांची ओळ होती. तिच्याखाली त्यांनी शिंप्याच्या निळ्या खडूने रेघ मारून ठेवली होती. दोन्ही पट्टे, आकड्यांसकट, स्वच्छ लिहिलेले. त्यांनी ओळीवर बोट ठेवलं, मग माझ्या छातीकडे बोट केलं, आणि थांबल्या.

वाच, म्हणत होत्या. आधी वाच, मग बोल.

मी वाचलं. कान गरम झाले माझे. घाईने वाचलं नव्हतं, मी वाचलं नव्हतं, आणि जिला आमचा एक शब्द ऐकू येत नाही तिने वाचून खाली रेघ मारली होती.

त्या ओळीच्या खाली आणखी एक चिकटवलेली चिठ्ठी होती. हा टॅब कुठल्या देशांत विकायला केलाय त्याची. आणि तिथे माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. असा उजेड पडला की पडला नसता तर बरं झालं असतं.

वेगवान पट्टा म्हणजे एक रस्ता नसतो. त्यात नंबर घातलेल्या गल्ल्या असतात, आम्ही चॅनेल म्हणतो. छत्तीसपासून सुरू होतात, वर दीडशेच्या पुढे जातात. कुठल्या गल्ल्या खुल्या ठेवायच्या ते प्रत्येक देश आपापलं ठरवतो. काही देशांत वरच्या गल्ल्या बंद. मग तिथल्यासाठी बनवलेला टॅब त्या गल्ल्यांत डोकावतसुद्धा नाही. बिघडलेला नसतो तो, आज्ञाधारक असतो.

आणि ताईंचा राऊटर होता एकशे एकोणपन्नासवर. आपोआप गेलेला नव्हता. मी हाताने लावला होता.

मी सगळीकडेच लावतो. वर गर्दी कमी, पोच जरा जास्त. लावलं की सहा महिने फोन येत नाही. चार वर्षं मी घरोघरी हेच करतोय, आणि नुसतं करत नाही, कामावर नवीन येणाऱ्या प्रत्येकाला छाती फुगवून शिकवतो. 'ऑटोवर सोडू नका रे, एकशे एकोणपन्नास टाका आणि विसरा.' घाईलाही मीच शिकवलं. काम झटपट करायचं माझं हे गुपित! आणि जिथे कोणाच्या पोराने बाहेरून पाठवलेला फोन अडला, तिथे आम्ही लिहिलं, उपकरण जुने. एका निवृत्त मास्तरांना तर मी सांगून आलो होतो की तुमच्या मुलाला दुकानदाराने फसवलं. मास्तर म्हणाले होते, असेल, तो भोळाच आहे. त्यांचा चेहरा आठवला आणि मी चहाचा कप बाजूला सारला.

"काय झालं?" आत्याबाईंनी विचारलं. "तुमचा चेहरा का उतरला?"

लपवता आलं असतं. एक आकडा बदलायचा आणि म्हणायचं, झालं बुवा, नशीब तुमचं. एकोणीस वर्षांत असं कितीदा केलंय. पण ताई समोरच उभ्या होत्या, खोका अजून हातात.

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "टॅब चांगला आहे. राऊटर मी चुकीच्या जागी लावून ठेवलाय. सात आठवडे."

आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी वहिनीला सांगितलं. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. राग आला असेल, आलाच असणार. पण त्यांनी फक्त राऊटरकडे हात केला. मग कर की.

एकशे एकोणपन्नास खोडलं, छत्तीस लिहिलं. राऊटरचा दिवा विझला, लागला. मी टॅब ताईंच्या हातात दिला. अर्ध्या मिनिटात दुसरं नाव आलं, पाचही रेघा भरलेलं.

सात आठवडे ज्याने नाकी नऊ आणले होते त्या कामाला अर्धं मिनिट लागलं.

मी पिशवी आवरायला घेतली, तर ताईंनी माझ्या बाहीला धरून खुर्चीकडे दाखवलं. चालतंय का ते बघून जा. बरोबरच होतं, माझ्या शब्दावर त्यांनी का भरवसा ठेवावा?

टॅब मशीनवर टेकवून उभा केला. मुलगी पडद्यावर आली. तिशीतली, केस वर बांधलेले, मागे उघडी खिडकी. चित्र असं की स्वेटरचा धागा मोजावा. आईला तसं स्वच्छ बघून ती हसली आणि हात बोलायला लागले. ताईंचेही. आत्याबाई माझ्या कानाशी सांगत होत्या, न सांगून जातात कुठे!

"बरी आहे म्हणते. काम चांगलं चाललंय म्हणते. जावईबापू कामाला गेलेत म्हणते. बघा, मी सांगत नव्हते?"

ताईंचे हात थांबले. त्या पडद्याच्या जवळ गेल्या, मग मागे झाल्या. मग त्यांनी दोन्ही तळवे समोरासमोर धरून लांब नेले.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"मोठ्याने बोल म्हणतेय." आत्याबाईंनी चष्मा डोळ्यांवर ओढला. "अगं बाई. खरंच की. पोरगी बारीक बोलतेय."

"म्हणजे?"

"हात बघा ना तिचे. छातीशी धरलेत, बोटांतल्या बोटांत बोलतेय. आपण कुजबुजतो ना, तसं. लहानपणी काही फोडलं-तोडलं की अशीच बोलायची." त्यांचा आवाज घसरला. "फोनवर तर मला हसून बोलते हो. रोज हसून बोलते."

ताईंनी परत तेच केलं. मोठ्याने. मुलीने मान हलवली. ताईंनी तिसऱ्यांदा केलं, यावेळी हळू, आणि मग एक बोट स्वतःच्या गालावर टेकवलं, खळी पडते तिथे. ते मुलीचं नाव होतं, आत्याबाईंनी नंतर सांगितलं. आईने ठेवलेलं, हातांतलं नाव.

मुलीचा चेहरा रडवेला झाला. हात एकदम मोठे झाले, इतके भराभर की आत्याबाईंचं सांगणं मागे पडायला लागलं.

"घर सोडलंय म्हणते. दोन महिने झाले. तो... त्याचं सांगते नंतर म्हणते. एक खोली घेतलीय, एकटी राहते. तुला कसं सांगू, हात धड दिसत नव्हते, लिहून सांगायचं धाडस..." आणि आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. "मी रोज बोलत होते तिच्याशी. रोज! मला काही कळलं नाही. काय जळलं मेलं माझं ऐकणं!"

मी जमिनीकडे बघत होतो. दोन महिन्यांतले सात आठवडे माझे होते. तिच्या घरात जे झालं ते मी केलं नव्हतं. पण ते सांगायला तिला आई हवी होती, आणि मी तिच्या आईला वरच्या गल्लीत नेऊन ठेवलं होतं, परत फोन येऊ नये म्हणून. लाज वाटली. सरळ सांगतो, लाज वाटली.

ताई रडल्या नाहीत. त्यांनी काही विचारलं नाही, कोणाला दोष दिला नाही. उजवा हात पुढे केला, तळवा वर, आणि चारही बोटं स्वतःकडे ओढली. हे कोणालाही कळतं. ये.

मुलगी बघत राहिली. तोंड अर्धवट उघडं, हात खाली, आणि तशीच. पाच सेकंद. दहा.

ताईंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की घड्याळ रुतलं. डोळे विस्फारलेले. त्यांनी पडद्याकडे दाखवलं, मग कपाटावरच्या राऊटरकडे. अडकलं! परत अडकलं!

मी वाकून पडद्याकडे बघितलं. मुलीच्या मागे खिडकीचा पडदा वाऱ्याने हलत होता. तिच्या गालावरून पाणी खाली येत होतं, हळूहळू, न अडकता. लाईन चालू होती. मुलगीच थांबली होती.

मला त्यांची भाषा येत नाही. मी नुसतीच मान हलवली, नाही, अडकलं नाही, आणि पडद्यावरच्या खिडकीकडे बोट दाखवलं. ताईंनी ते हलणारं कापड पाहिलं. माझं मनगट सोडलं. आणि परत पुढे होऊन तोच हात केला, आधीपेक्षा मोठा, खांद्यापासून. ये.

खिशात फोन वाजत होता, साहेबांचा असणार. मी तो वाजू दिला. मुलीने डोळे पुसले, दोन्ही हात वर आणले आणि पडद्यात मावणार नाहीत एवढे मोठे करून काहीतरी सांगितलं. आत्याबाई रडत होत्या, त्यांना सांगता येईना. पण ताई माझ्याकडे वळल्या आणि मलाच विचारायला लागल्या, भिंतीवरच्या कॅलेंडरवर एकेक तारीख दाखवून, तिथून इथे यायला किती दिवस लागतात ते.